मापाला दिलेला कोट

१

कोट चोरीला गेला हे काशीरामनं मला कात्री चालवता चालवता सांगितलं. मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

"कुठला कोट?" मी विचारलं. कुठला ते मला चांगलं कळलं होतं. तरी विचारलं.

"तुम्ही मापाला दिलेला, मिलिटरीचा. काल रात्री मागच्या दाराची कडी कुणीतरी काढली. सकाळी येऊन बघतो तर खुंटी रिकामी."

महाडच्या बाजारपेठेतलं काशीरामचं दुकान म्हणजे दोन मशिनं, एक कापायचं टेबल आणि भिंतभर खुंट्या. त्या खुंट्यांवर एका वकिलांचा लोकरी सूट होता. शेजारी कुणा नवरदेवाची जरीची शेरवानी झगमगत होती. चोरानं त्यांना हात लावला नव्हता. त्यानं नेमका पस्तीस वर्षांचा जुना, विटका, हिरवट खाकी कोट उचलला होता.

"पोलिसांत गेलात?"

"जुन्या कोटासाठी? हसतील की हो, सर." काशीरामनं नखानं खडूची रेघ पुसली. त्याची नखं काळपट तपकिरी झाली होती. मी बघतोय हे पाहून म्हणाला, "कलप लावला काल. हाताचा जातच नाही."

मला त्याच्या कलपाशी काय घेणं होतं? तो कोट माझा नव्हता. तो मी मागून आणला होता, आणि वीस मार्चच्या आत परत देतो असा शब्द दिला होता. त्या दिवशी अकरा तारीख होती. सन दोन हजार.

२

माझ्या कपड्यांची रडकथा आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजेल.

मी मुकुल कर्णिक. राहतो महाडला, भूगोल शिकवतो पोलादपूरच्या हायस्कुलात. देवानं मला घडवताना हात एका माणसाचे लावले आणि पोट दुसऱ्याचं. बाह्या बरोबर येतील असा शर्ट घेतला तर पोटावर तंबू होतो. पोटावर बसणारा घेतला तर मनगटं उघडी. तयार कपड्यांच्या दुकानात गेलं की पोरगेले विक्रेते माझ्याकडे बघून आधीच घड्या मोडायचं थांबवतात. बरं, जे मिळतं ते टिकत तरी असावं! दुसऱ्या धुण्यात शिवण फिसकटते, तिसऱ्या धुण्यात बटण आपणहून निवृत्त होतं. सकाळची शाळा, सहाला स्कूटर काढायची, थंडीत सावित्री नदीच्या काठानं वारा खात जायचं. एक धड जॅकेट मला दहा वर्षांत मिळालं नव्हतं. कारगिलनंतर बाजारात ठिपक्याठिपक्यांच्या 'मिलिटरी' जॅकेटांचा पूर आला. त्यातलं एक मी घेतलं. पंधरा दिवसांत त्याची चेन दात पाडून मोकळी झाली.

आणि मग जानेवारीत बुद्धरत्नच्या घरी गेलो. बुद्धरत्न माझ्याच शाळेत गणित शिकवतो, पंधरा वर्षांचा दोस्त. त्याचं घर पोलादपूरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याच्या बौद्धवाडीत. त्याची मुलगी दीप्ती स्कॉलरशिपला आली म्हणून जेवायला बोलावलं होतं. ओटीवर त्याचे वडील, रामाआबा, फौजेतले निवृत्त हवालदार, कोट घालून बसले होते. जाड सुती ड्रिलचा, चार खिशांचा, खांद्यावर पट्ट्या असलेला. बाह्या त्यांना लांब होत होत्या म्हणून मनगटावर एक दुमड घातलेली.

मी त्या कोटाकडे इतका बघत राहिलो की आबा म्हणाले, "घालून बघा की, मास्तर."

घातला. काय सांगू! बाह्यांची दुमड उघडली तर त्या थेट माझ्या मनगटाच्या हाडावर येऊन थांबल्या. पाठीत हात पसरले तरी कुठं ओढ नाही. चाळीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा एका कपड्यानं माझ्याशी भांडण केलं नाही.

मग मी तो मागितला. विकत नव्हे हो, मापाला. आमच्याकडे ही रीतच आहे. अंगाला बसणारा एखादा जुना कपडा शिंप्याला द्यायचा, तो त्यावरून नवा शिवतो आणि जुना परत देतो. त्यात नवल नव्हतं. पण आबांनी लगेच हो म्हटलं नाही. दरवर्षी वीस मार्चला, चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या दिवशी, ते हाच कोट घालून महाडला तळ्यावर उभे राहतात. फौजेतून आल्यापासून एक वर्ष चुकलं नव्हतं.

"वीस मार्चच्या आत द्याल ना?"

"शब्द देतो, आबा."

आत जाऊन सोनाबाईंनी, म्हणजे बुद्धरत्नच्या आईनं, कोट जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून दिला. "डाव्या खिशाला आतनं माझं ठिगळ हाय," त्या लाजून म्हणाल्या. "शिंप्याला सांगा, हसू नको म्हणावं."

तो कोट आता गेला होता. आणि सोमवारी शाळेत बुद्धरत्न मला विचारणार होता, "मुकुल, आबा कोटाचं विचारतायत."

३

घरी आलो तो बायकोनं, शुभदानं, माझे दोन पांढरे शर्ट तोंडापुढे धरले. "हे बघा कॉलर! तुमच्या त्या नव्या जॅकेटचा रंग जातोय. काशीरामला सांगा, कापड बरं बघून घेत जा."

हो, नवं जॅकेट मला मिळालं होतं. तेवढं एक सुख होतं. बरोबर आठवड्यापूर्वी, चार तारखेला, काशीरामनं ते हातात दिलं; जुना कोट मात्र पुढच्या शनिवारी न्या म्हणाला. कॉफीच्या रंगाचं, जाड, मळखाऊ. खांद्यांवर पट्ट्या नकोत असं मीच सांगितलं होतं, मी काही फौजदार नाही. सुखासुखी मात्र ते मिळालं नव्हतं. त्याआधी दोनदा नमुना फसला होता. पहिल्यात स्कूटरचं हॅण्डल धरलं की बाह्या कोपराकडे पळत. दुसऱ्यात काख इतकी आवळली की फळ्यावर जगाचा नकाशा काढताना मी विषुववृत्ताच्या वर जाऊ शकेना. दोन्ही वेळा मी दुकानात तमाशा केला. गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, "तीस वर्षं शिवताय की उसवताय?" काशीरामचा चेहरा पडला होता. मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्यांदा मात्र जमलं. इतकं जमलं की मी त्याची जाहीर माफी मागितली.

"ताईला बोलाव," मी शुभदाला म्हटलं.

विनोदिनीताई माझी थोरली बहीण. मुलींच्या शाळेत तीस वर्षं शिवणकाम शिकवून निवृत्त झालेली. तिनं एवढी काजं तपासली आहेत की माणूस समोर आला तरी आधी त्याची शिवण बघते आणि मग तोंड. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तो कोट कुणाकुणाच्या डोळ्यांत भरला होता?"

दोन नावं मला लगेच सुचली. निषाद आणि महिपत.

"आणि काशीराम?"

"तो कशाला चोरेल? त्याच्या अंगात तो पोत्यासारखा लोंबेल."

"चोरणारा घालायलाच चोरतो असं कुणी सांगितलं तुला?" ताई म्हणाली, आणि चपला घालायला उठली.

४

निषाद औषध कंपनीचा विक्रेता. मोटारसायकलवरून वरंधा घाट चढून भोर, पुणे करत असतो. मिलिटरी जॅकेटचं त्याला वेड. दुकानात मी कोट दिला त्याच दिवशी त्यानं तो बघितला होता आणि माझ्या मागे लागला होता, मला विका म्हणून.

"मी चोरू?" तो भडकला. "सर, मी मागितला होता. तोंडावर मागितला होता. तुम्ही नाही म्हणालात, विषय संपला." आतून एक जॅकेट आणून त्यानं आमच्यापुढे टाकलं. "हे पुण्याहून आणलं. एका पावसाळ्यात कोपर फाटलं. असला खरा कोट मिळत नाही म्हणूनच तर जीव जळतो. परत एकदा डोळे भरून बघावा म्हणून दोन तारखेला मुद्दाम काशीरामकडे गेलो, तर कोट नव्हताच."

"दोन तारखेला?" ताईनं विचारलं. "नक्की?"

"दोन मार्च. त्या दिवशी माझी पुण्याला मीटिंग होती. खुंटी रिकामी होती. काशीरामला विचारलं तर म्हणाला, आत ठेवलाय."

बाहेर पडल्यावर मी म्हणालो, "खोटं बोलतोय. कोट दहा तारखेच्या रात्री गेला."

"असं काशीराम म्हणतो," ताई म्हणाली.

महिपत एसटी स्टँडच्या बाहेर हातगाडीवर जॅकेटं विकतो. कारगिलनंतर त्याचा धंदा तेजीत. त्यानंही काशीरामकडे कोटाची मागणी केली होती, नमुन्याला. मुंबईहून तसलेच शंभर शिवून आणायचा त्याचा बेत होता.

"मी मागितला, पन त्यानं नाय दिला," महिपत म्हणाला. "उलट तोच माज्याकडं आला. म्हनाला, लांब बाह्यांचा, जाड कापडाचा, असा एक पीस हाय का तुझ्या मालात? एका सराला द्यायचाय. मी म्हटलं, अरे, तू शिंपी, मी गाडीवाला, आनि तू माज्याकडं तयार मागतोस? तर नुस्ता बघत राहिला."

"हे कधीचं?"

"फेब्रुवारीची अखेर असंल. नाय मिळाला म्हटल्यावर बारा तपकिरी बटनं घेऊन गेला."

मला यात काडीचाही अर्थ दिसेना. निषादनं नेला नाही, महिपतनं नेला नाही. माझा नुसता संताप होत होता. ताई मात्र वाटभर बोटांवर तारखा मोजत होती.

"मुकुल," ती घराशी आल्यावर म्हणाली, "काशीरामचे केस कसे आहेत रे?"

"कसे म्हणजे? पांढरे. कापसासारखे."

"मग कलप कुणाला लावला त्यानं?"

५

सोमवारी मी बुद्धरत्नला टाळलं. मंगळवारी टाळता आलं नाही. शिक्षकखोलीत तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. बाजारातली बातमी पोलादपूरला पोचायला एसटी लागत नाही.

"कोट गेला म्हणे."

"अरे, मी तुला सांगणारच होतो..."

"कधी सांगणार होतात, कर्णिक सर?"

पंधरा वर्षांत पहिल्यांदा त्यानं मला अहो-जाहो केलं. खोलीतले बाकीचे वह्या तपासायला लागले.

"आम्ही शोधतोय. ताई शोधतेय..."

"चार दिवस झाले. तुम्ही मला सांगितलं नाही, आबांना सांगितलं नाही. वकिलांचा सूट गेला असता तर त्या शिंप्यानं पोलीस आणले असते, आणि तुम्ही पण धावला असतात. आमची वस्तू होती म्हणून सगळ्यांना इतकं सोपं गेलं." त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. मग त्यानं माझ्या अंगावरच्या नव्या जॅकेटकडे बोट केलं. "तुम्हाला तुमचं मिळालं. अंगावर मिरवताय. आमचं गेलं."

तो निघून गेला. मला इतकी लाज वाटली की जॅकेट काढून फेकावंसं वाटलं, आणि ते इतकं छान बसलं होतं की तेही जीवावर आलं. असा मी माणूस.

बुधवारी दुपारी ताईच्या ओटीवर बसून मी हे सगळं तिच्यापुढे ओकून टाकलं. ती चष्म्यावरून माझ्या खिशाच्या बटणाकडे बघत होती.

"ते बटण सैल झालंय. दे इकडे."

"बटण राहू दे, ताई! पाच दिवस उरलेत. चोराचा पत्ता नाही."

"चोराचं मला शनिवारीच वाटलं होतं," ती शांतपणे म्हणाली. "माल सापडत नव्हता. आता तोही सापडला. माझ्यासमोर बसून चहा पितोय."

मी मागे वळून बघितलं. मागे भिंत होती.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," ताई म्हणाली. "काढ तो कोट अंगातून."

६

मी हसलो. मग ती हसत नाही हे बघून थांबलो.

"ताई, हा नवा आहे. तो हिरवट होता, हा कॉफी कलरचा. अस्तर नवं, बटणं नवी..."

"बटणं महिपतची, बारा. अस्तर काशीरामचं. पुढे?"

तिनं कोट मांडीवर पसरला आणि सुईच्या टोकानं खांद्याची शिवण दाखवली. "धागा बघ. आजचा शिंपी पॉलिस्टरच्या रिळानं शिवतो. रीळ कापडाशी मिळतंजुळतं घेतो, पण कितीही केलं तरी रंगात एका छटेचा फरक राहतो. हे तुझं बटण बघ, हे अस्तराचं टोक बघ. फिकट धागा. आणि खांदा, पाठ, बाह्या? धागा आणि कापड अगदी एका रंगाचे. हे कधी होतं सांगू? जुनी शिवण सुती धाग्याची असते. शिवलेला कपडा रंगाच्या उकळत्या पाण्यात टाकला की कापडाबरोबर धागाही रंगतो."

माझ्या शर्टांच्या कॉलर. काशीरामची नखं.

"आता बाही." तिनं ती उजेडात धरली. मनगटापासून चार बोटांवर, गोल कड्यासारखी एक रेघ होती. तिथं कापड झिजून रंग वेगळा चढला होता. "नव्या बाहीला ही रेघ कुठून आली? ही दुमड आहे. वर्षानुवर्षांची."

आबांचं मनगट माझ्या डोळ्यांपुढे आलं.

"खांद्यावर ही टाक्यांची भोकं, पट्ट्या उसवल्याची. आणि तो निषाद. दोन तारखेला खुंटी रिकामी होती, कारण कोट रंगाच्या पातेल्यात होता. चारला तो तुझ्या अंगावर आला. मग मूळ कोट मागायला तू येणार, म्हणून दहाला चोरी झाली. होणं भागच होतं."

"पण का? काशीरामला काय मिळालं?"

ताईनं डावा खिसा आतून उलटा केला. खिशाच्या तळाशी, रंगात बुडून काळवंडलेलं, हातानं घातलेलं एक चौकोनी ठिगळ होतं. टाके बारीक, शेजारी शेजारी, एकसारखे. ताईनं त्यावरून अंगठा फिरवला.

"इतके चांगले टाके मला कुठल्या मुलीनं घालून दाखवले नाहीत," ती म्हणाली.

७

गुरुवारी शाळा सुटल्यावर आम्ही दुकानात गेलो. ताईनं कोट कापायच्या टेबलावर ठेवला आणि डावा खिसा उलटा करून वर ठेवला. काशीरामनं ठिगळाकडे बघितलं. मशिनवरचा पाय थांबला. तो उठला, टेबलाखालून त्यानं दोन कॉफी कलरचे कोट काढले, माझे फसलेले नमुने, आणि ते शेजारी ठेवले.

"तिसरा पण कापला होता," तो म्हणाला. "तो तर दाखवायच्या लायकीचा नव्हता. ताई, मी तो कोट चार दिवस हातात घेऊन बसलो. काखेतला तुकडा कसा काढलाय तेच मला उमगेना. त्या कापडाचा भार आता कुठल्या ताग्यात नाही. आणि सर रोज येऊन चार माणसांत माझी..." तो थांबला. "माझ्या बापानं या टेबलावर शिवलं. मला एक कोट जमत नाही म्हणून गावभर झालं असतं."

शिवताय की उसवताय, म्हणे. हात दाखवून अवलक्षण मीच केलं होतं.

"म्हणून दुसऱ्याचा कोट रंगवलास?" ताईनं विचारलं.

"म्हातारं माणूस, वाटलं, किती वेळा घालणार? काहीतरी चांगलं कापड शिवून देईन त्यांना फुकट, असं मनात होतं."

"हाच कोट वकिलांनी मापाला दिला असता तर?"

काशीरामनं खुंटीवरच्या लोकरी सुटाकडे बघितलं. अकरा तारखेला तो सूट मीही बघितला होता, शेरवानी बघितली होती, आणि जुन्या कोटासाठी पोलीस हसतील हे त्याचं म्हणणं गुपचूप पटवून घेतलं होतं.

"पट्ट्या कुठं आहेत?" ताईनं विचारलं.

त्यानं खडूच्या डब्यातून एक पुडी काढली. हिरवट खाकी पट्ट्या आणि जुनी बटणं. टाकवली नव्हती त्याच्यानं.

"शनिवारी पोलादपूरला यायचं," ताई म्हणाली. "सुईदोरा घेऊन. आणि जे सांगायचं ते तू सांगायचं, आम्ही नाही."

८

शनिवारी दुपारी आम्ही वाडीवर गेलो तेव्हा बुद्धरत्न दारात उभा होता. 'ये' म्हणाला नाही. बाजूला मात्र झाला.

काशीराम ओटीच्या पायरीशीच थांबला आणि तिथूनच त्यानं सगळं सांगितलं, एकही गोष्ट न गाळता. ऐकताना बुद्धरत्नच्या मुठी आवळत गेल्या. आबा ऐकून घेत होते. मग त्यांनी हात पुढे केला. मी कोट त्यांच्या हातात दिला.

"हा माझा नाय," आबा म्हणाले. "माझा हिरवा व्हता."

सोनाबाई आतून आल्या. त्यांनी रंगाकडे बघितलंही नाही. डाव्या खिशात सरळ हात घातला, क्षणभर आत चाचपलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. "अवो, ह्योच हाय. माझं ठिगळ हाय ह्यात."

आबांनी कोट अंगावर चढवला. बाह्या त्यांच्या बोटांपर्यंत आल्या. त्यांनी त्या जुन्या रेघेवर बरोबर दुमडल्या, न बघता.

"मास्तर," ते माझ्याकडे वळले, "फौजेत स्टोअरवाल्यानं हा माझ्या अंगावर फेकला तवापास्नं मला मोठा व्हतो. तीस-पस्तीस वर्सं दुमडूनच घातला. तुमाला तो बरोबर बसला ते मी बी बघितलं. मला कदी बसला नाय. पन माझा हाय."

"आबा, माझं चुकलं. गेल्या शनिवारी कोट गेल्याचं कळलं तेव्हाच यायला हवं होतं."

"यायलाच पायजे व्हतं," आबा म्हणाले. सुटका नाही केली त्यांनी माझी, आणि ते योग्यच होतं. मग काशीरामकडे बघून म्हणाले, "पायरीवर काय उभा ऱ्हायलास? वर बस. पट्ट्या लाव. त्या बिगर मी तळ्यावर जायचा नाय."

काशीराम ओटीवर बसला आणि हातानं पट्ट्या शिवू लागला. कॉफीच्या रंगावर हिरव्या पट्ट्या. रंग काही परत येणार नव्हता. सोनाबाई शेजारी बसून त्याचे टाके बघत होत्या, आणि एकदा तर त्यांनी त्याला ते उसवायला लावले. त्यानं मुकाट्यानं उसवले. दीप्तीनं सगळ्यांना चहा दिला.

"कर्णिक सर, चहा घ्या," बुद्धरत्न म्हणाला. मी घेतला.

सोमवारी वीस तारखेला सकाळी सातलाच मी तळ्यावर गेलो. गर्दी लोटली होती. मार्चात जॅकेट घालणं हा वेडेपणा, पण आबा घालणार होते, म्हणून मीही घातलं होतं, काशीरामच्या दोन फसलेल्या नमुन्यांतलं पहिलं. पायऱ्यांच्या वरच्या बाजूला आबा ताठ उभे होते. तपकिरी कोट, हिरव्या पट्ट्या, जुनी बटणं, मनगटावर दुमड. ओळखीची माणसं रंगाचं विचारत होती आणि आबा प्रत्येकाला सगळी हकिगत सांगत होते. माझ्या नावासकट. मी ते ऐकत तिथंच उभा राहिलो.

बुद्धरत्न गर्दीतून वाट काढत आला आणि शेजारी उभा राहिला. मग त्यानं माझ्या मनगटांकडे बघितलं. उन्हात ती वीतभर उघडी पडली होती.

"बाह्या आखूड आहेत रे तुझ्या," तो म्हणाला.

"असू दे," मी म्हणालो.